खेकड्याला मधुमेह होतो काय?

विद्यार्थी मित्रांनो, संप्रेरक हा शब्द तुम्ही शरीरशास्त्राच्या धड्यात वाचलेलाच असेल. त्या धड्यात बहुधा एक तक्ता असतो. पहिल्या रकान्यात ग्रंथीचे नाव, दुसऱ्यात संप्रेरकाचे, तिसऱ्यात त्याचे कार्य आणि चौथ्यात ते कमी-जास्त झाल्यास होणारा रोग. स्वादुपिंड, इन्सुलिन, रक्तशर्करा, मधुमेह ही ओळ तर अनेकांना तोंडपाठ असते. परीक्षेत ती लिहिली की गुण मिळतात आणि विषय संपतो.

या तक्त्यामुळे दोन समजुती नकळत आपल्या मनात घर करतात. एक म्हणजे, संप्रेरके ही जणू माणसाच्या रोगांसाठीच आहेत. दुसरी म्हणजे, रक्तातील साखर वाढणे ही नेहमी वाईटच गोष्ट होय. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. त्या दूर करायच्या असतील तर आपण थोडा वेळ माणसाला बाजूला ठेवून खेकड्याकडे जावे, असे माझे मत आहे. खेकड्याच्या शरीरातही रक्तशर्करेचे नियमन करणारे संप्रेरक असते. ते कोठे तयार होते, काय करते आणि त्याला आपण कोणते नाव दिले, या गोष्टींतून शिकण्यासारखे बरेच आहे.

प्रथम माणसाची गोष्ट थोडक्यात आठवू. निरोगी माणसाच्या सुमारे ५ लिटर रक्तात उपाशीपोटी ४ ते ५ ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे चहाच्या एका चमच्याएवढे. एवढ्याशा साखरेवर मेंदूचा कारभार चालतो. ती संपू लागली की यकृतातील साठा मोडून भर घातली जाते. हा साठा म्हणजे ग्लायकोजेन. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८५७ मध्ये तो यकृतातून वेगळा करून दाखवला. १८८९ मध्ये जर्मनीत फॉन मेरिंग आणि मिन्कोव्स्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्याच्या लघवीतून साखर जाऊ लागली. पुढे १९२१ मध्ये टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडाच्या अर्काने अशा कुत्र्यांची रक्तशर्करा खाली आणली. जानेवारी १९२२ मध्ये हा अर्क प्रथमच एका मधुमेही मुलाला टोचण्यात आला. इन्सुलिनने आजवर असंख्य जीव वाचवले आहेत. त्याचे मोल कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही.

पण आता एक साधा हिशेब करा. आपल्या शरीरात साखर उतरवणारे संप्रेरक कोणते? प्रामुख्याने एकच, इन्सुलिन. आणि चढवणारी? ग्लुकॅगॉन, ॲड्रिनॅलिन, कॉर्टिसॉल, वृद्धी संप्रेरक. एकाविरुद्ध चार! असे का असावे? कारण उघड आहे. रक्तशर्करा जास्त राहिली तर अपाय हळूहळू, काही वर्षांत होतो. ती फार खाली गेली तर मात्र थोड्याच वेळात शुद्ध हरपते. शिवाय प्राण्यांच्या दीर्घ इतिहासात पोटभर अन्न ही नेहमीची स्थिती नव्हती, उपास हीच नेहमीची होती. तेव्हा शरीराची मोठी काळजी साखर उतरवण्याची नसून वेळेला ती उपलब्ध करून देण्याची होती. तक्त्यातील चौथ्या रकान्यामुळे ही बाजू आपल्या नजरेआड होते.

आता खेकड्याकडे वळू. खेकडा, कोळंबी, शेवंड हे सारे कवचधारी प्राणी. खेकड्याचे डोळे तुम्ही पाहिलेच असतील. ते खोबणीत बसवलेले नसून लहानशा देठावर असतात. या देठाला शास्त्रीय भाषेत नेत्रवृंत म्हणतात. पाहणाऱ्याला वाटते, की देठ म्हणजे डोळा उंच धरण्यासाठी केलेली काठी असावी. प्रत्यक्षात त्या काठीच्या आत मज्जापेशींचा मोठा पुंजका असतो आणि त्यातील काही पेशी संप्रेरके तयार करतात.

याचा सुगावा हळूहळू लागत गेला. १९०५ मध्ये चार्ल्स झेलेनी यांना दिसून आले, की नेत्रवृंत काढलेले खेकडे नेहमीपेक्षा लवकर कात टाकतात. १९२८ मध्ये अर्ल पर्किन्स यांनी दाखवले, की नेत्रवृंताचा अर्क टोचल्यास एका जातीच्या कोळंबीचा रंग बदलतो. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये पानूझ यांनी कोळंबीच्या मादीचे नेत्रवृंत काढले, तेव्हा तिच्या अंडाशयाची वाढ वेगाने झाली. आणि १९४४ मध्ये अब्रामोविट्झ, हिसॉ आणि पापाँड्रिया या तिघांनी अमेरिकेत नेत्रवृंताचा अर्क खेकड्याला टोचून पाहिला. त्याची रक्तशर्करा चढली.

येथे थांबून विचार करा. समजा, तुम्ही त्या प्रयोगशाळेत आहात. खेकड्याचे नेत्रवृंत काढल्यावर त्याची साखर बदलली, एवढ्यावरून नेत्रवृंतात साखरेचे संप्रेरक आहे असे सिद्ध होते काय? नाही. बदल जखमेमुळे झाला असेल, आंधळेपणामुळे झाला असेल, किंवा नुसत्या हाताळणीमुळे झाला असेल. म्हणून दुसरी पायरी घ्यावी लागते. काढलेल्या भागाचा अर्क परत टोचायचा आणि परिणाम उलटतो का ते पाहायचे. तेवढ्यानेही भागत नाही. तिसरी पायरी म्हणून दुसऱ्या एखाद्या भागाचा, उदाहरणार्थ स्नायूचा, अर्क तितकाच टोचायचा आणि काही होत नाही ना याची खात्री करायची. काढणे, परत देणे आणि तुलना करणे या तीन पायऱ्यांवर संप्रेरकशास्त्राची इमारत उभी आहे. फॉन मेरिंग आणि मिन्कोव्स्कींनी पहिली पायरी घातली, बँटिंग आणि बेस्ट यांनी दुसरी. तेच तर्कशास्त्र खेकड्याच्या बाबतीतही वापरले गेले. कुत्र्याच्या गोष्टीइतकीच खेकड्याची गोष्टही वर्गात सांगण्याजोगी आहे ती यामुळेच.

पुढे १९५० नंतरच्या काही वर्षांत आणखी एक गोष्ट उलगडली. नेत्रवृंतात 'सायनस ग्रंथी' नावाची एक लहान ग्रंथी आहे. संप्रेरके तेथेच तयार होतात, असे आधी मानले जाई. पण बारकाईने पाहता असे दिसले, की ती केवळ कोठार आहे. कारखाना थोडा आत, 'क्ष-अवयव' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मज्जापेशींच्या गटात आहे. या पेशींचे लांब तंतू सायनस ग्रंथीपर्यंत येतात, त्यांच्या फुगीर टोकांत संप्रेरक साठते आणि गरज पडताच रक्तात सोडले जाते. आपल्या मेंदूतील अधश्चेतक आणि पोष ग्रंथीचा मागचा भाग यांचे नाते हुबेहूब असेच आहे. माणूस आणि खेकडा यांचे पूर्वज ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले, तरी मज्जापेशींनीच संप्रेरक तयार करण्याची युक्ती दोघांकडेही आहे.

१९८९ मध्ये जर्मनीतील रायनर केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपच्या किनाऱ्यावरील एका खेकड्यातील या संप्रेरकाची संपूर्ण रचना उलगडली. ती ७२ ॲमिनो आम्लांची एक साखळी असून तिच्यात गंधकाचे तीन पूल आहेत. आपल्या इन्सुलिनमध्ये ५१ ॲमिनो आम्ले असतात आणि गंधकाचे पूल तीनच! पण या साम्यावरून घाईने निष्कर्ष काढू नका. दोन्ही रेणूंचे घराणे वेगळे आहे आणि रक्तशर्करेवरील कार्य तर उलट आहे.

हे संप्रेरक करते काय? ते खेकड्याच्या पचनग्रंथीतील आणि स्नायूंतील ग्लायकोजेन मोडायला लावते आणि ग्लुकोज रक्तात आणते. केव्हा? जेव्हा खेकडा अडचणीत असतो तेव्हा. पाण्यात प्राणवायू कमी पडला, तापमान एकदम बदलले किंवा त्याला पाण्याबाहेर काढले, की त्याची साखर चढते. १९९६ मध्ये वेल्समधील सायमन वेब्स्टर यांनी खाण्याचे खेकडे पाण्याबाहेर ठेवून त्यांच्या रक्तातील हे संप्रेरक मोजले, तेव्हा ते वाढलेले आढळले. नेत्रवृंत काढलेल्या खेकड्यात अशा वेळी साखरेची ही चढ नीट होत नाही.

कोकणातल्या बाजारात काथ्याने नांग्या बांधलेल्या चिंबोऱ्या टोपलीत पडलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. आपल्याला त्या निपचित दिसतात. पण पाण्याबाहेर खेकड्याच्या कल्ल्यांना पुरेसा प्राणवायू मिळत नाही. स्नायू प्राणवायूवाचून काम चालवू लागतात, रक्तात लॅक्टिक आम्ल साचते आणि या आम्लामुळे संप्रेरक आणखी सुटते, असे युरोपातील खेकड्यांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. शरीर आपली शिल्लक मोडून टिकून राहण्याची धडपड करत असते. अशा वेळी वाढलेली साखर हा रोग म्हणावा काय? ती तर जगण्याची सोय आहे.

आणि ही सोय बेलगाम नाही. १९९७ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावरील एका खेकड्याच्या क्ष-अवयवातील पेशींवर प्रयोग झाले. त्यांच्याभोवतीचे ग्लुकोज वाढवताच या पेशी शांत होतात, असे आढळले. म्हणजे साखर वाढली की तीच आपल्या संप्रेरकाला आवर घालते. पाण्याची टाकी भरताच वर येणारा तरंगता गोळा नळ बंद करतो, तसाच हा प्रकार. साखर उतरवण्यासाठी इन्सुलिनसारखे वेगळे संप्रेरक जोराने कामाला लावण्याऐवजी चढवणारे संप्रेरकच थांबवायचे आणि उरलेली साखर पेशींनी वापरायची वा साठवायची, असा येथे मुख्य मार्ग दिसतो.

मग कवचधारी प्राण्यांत इन्सुलिनच्या घराण्यातले काही नाहीच की काय? आहे, आणि ते मोठे गमतीचे आहे. या प्राण्यांच्या नरात एक विशिष्ट ग्रंथी असते. तिच्यातून येणारे संप्रेरक इन्सुलिनच्या घराण्यातील आहे, हे १९९९ मध्ये स्पष्ट झाले. त्याचे प्रमुख काम रक्तशर्करेचे नाही, तर प्राण्याला नर बनवण्याचे आहे! २०१२ मध्ये इस्राएलमधील संशोधकांनी गोड्या पाण्यातील मोठ्या कोळंबीत या संप्रेरकाचे जनुक दडपले, तेव्हा नराची चक्क मादी झाली. आपल्याकडे साखरेचे काम करणारे घराणे तेथे दुसऱ्याच कामावर, आणि साखरेचे काम तिसऱ्याच घराण्याकडे.

आता माझा मुख्य मुद्दा सांगतो. १९४४ च्या त्या शोधनिबंधात नेत्रवृंतातील द्रव्याला 'मधुमेहजनक घटक' असे म्हटले होते. त्या काळात इन्सुलिनचा शोध ताजा होता, तेव्हा असे नाव सुचणे स्वाभाविकच म्हणावे लागेल. पुढे ते नाव बदलून 'रक्तशर्करावर्धक संप्रेरक' झाले. हे अधिक चांगले, पण तेही अपुरेच. १९९९ मध्ये असे आढळले, की खेकडा कात टाकण्याच्या वेळी हेच संप्रेरक त्याच्या आतड्यातील पेशींतून मोठ्या प्रमाणावर सुटते आणि त्याच्या शरीरात पाणी शोषले जाते. शरीर फुगते, जुने कवच उकलते आणि नवे, मऊ कवच मोठ्या मापाचे होते. टोळामध्ये याच घराण्यातील संप्रेरक क्षार आणि पाणी यांचे शोषण सांभाळते. नाव साखरेचे आणि काम पाण्याचे! आपण ज्या कामासाठी प्रथम शोधले, त्या कामाचे नाव आपण रेणूला देतो आणि मग तेच त्याचे एकमेव काम आहे असे मानू लागतो. रेणू मात्र आपण लावलेली पाटी वाचून काम करत नाही.

'नावात काय आहे, परीक्षेपुरते पाठ केले म्हणजे झाले', असे कोणी म्हणेल. पण अपुरे ज्ञान वापरात आले की त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. याचे उदाहरण कोळंबीच्या बीजोत्पादन केंद्रात मिळते. पानूझ यांच्या शोधाचा व्यापारी उपयोग १९७० च्या दशकात सुरू झाला. बंदिस्त टाकीत मादी कोळंबी सहजासहजी अंडी घालत नाही. म्हणून तिचा एक नेत्रवृंत चिमटून, बांधून किंवा डाग देऊन काढून टाकतात. अंडाशयाला आवर घालणारे संप्रेरक कमी झाले, की अंडी लवकर तयार होतात. हिशेब सोपा वाटतो. पण नेत्रवृंत म्हणजे एका कामाचे बटण नव्हे. त्यातून साखर, कात, रंग, पाणी आणि क्षार यांचा कारभारही चालतो. एक आवर काढायला गेलो तर अनेक गोष्टींचा तोल ढळतो. एक डोळा जातो तो वेगळाच.

या प्राण्यांना वेदना होतात का, हा प्रश्न पूर्वी हसण्यावारी नेला जाई. आता तसे राहिलेले नाही. बेलफास्टचे रॉबर्ट एल्वुड यांनी २००९ मध्ये शंखात राहणाऱ्या खेकड्यांना सौम्य विजेचे झटके देऊन पाहिले. काही खेकड्यांनी शंख सोडला. पण आवडीचा, चांगला शंख ते सहजी सोडत नसत. म्हणजे ही केवळ आंधळी प्रतिक्रिया नव्हती. ब्रिटनमध्ये २०२१ साली अशा पुराव्यांचा आढावा घेणारा अहवाल झाला आणि २०२२ च्या प्राणिकल्याण कायद्यात खेकडे, शेवंड, कोळंबी यांना संवेदनशील प्राणी म्हणून स्थान मिळाले.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कोळंबी-संवर्धनावर किनाऱ्यावरील हजारो कुटुंबांचे पोट आहे. बीज वेळेवर मिळाले नाही तर त्यांचा हंगाम वाया जातो. 'उद्यापासून बंद करा' असे घरबसल्या सांगणे सोपे, पण ते न्यायाचे नाही. मात्र चांगले खाद्य, योग्य प्रकाश-तापमान आणि निवडक वाण यांच्या जोरावर पांढऱ्या कोळंबीचे बीज नेत्रवृंत न काढताही घेता येते, हे दाखवून दिले गेले आहे. तेव्हा संवर्धकांना दोष देत बसण्यापेक्षा ही पद्धत त्यांना परवडेल अशी करणे, हे संशोधकांचे काम आहे. ते जर झाले नाही तर आपले ज्ञान १९४३ सालीच थांबले, असे म्हणावे लागेल.

आपल्या महाराष्ट्रातही या विषयाची चांगली परंपरा आहे. १९७० च्या दशकात औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मराठवाडा विद्यापीठात डॉ. आर. नागभूषणम आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गोड्या पाण्यातील 'बॅरिटेल्फुसा' या खेकड्याच्या संप्रेरकांवर काम केले. नदी-ओढ्यात मिळणारा साधा खेकडा त्यांनी संशोधनाला योग्य मानला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्या प्राण्याकडे आपण केवळ रश्श्याच्या दृष्टीने पाहतो, तोही प्रश्न विचारण्याच्या योग्यतेचा असतो.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. संप्रेरकांचा धडा शिकवताना फळ्यावरील तक्त्याला एक ओळ खेकड्याची जोडावी आणि चौथ्या रकान्याचे शीर्षक पुसून तेथे 'प्राण्याला याची गरज केव्हा पडते?' असे लिहावे. त्यासाठी खेकडा कापण्याची काहीच आवश्यकता नाही. वर सांगितलेल्या तीन पायऱ्या मुलांपुढे ठेवाव्या आणि प्रत्येक पायरीला 'एवढ्याने सिद्ध झाले का?' असे विचारावे. एका तासिकेत हे सहज होते आणि त्यासाठी प्रयोगशाळाही लागत नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, शीर्षकातील प्रश्नाचे उत्तर आता तुम्हीच द्याल. आपल्या अर्थाने खेकड्याला मधुमेह होत नाही. त्याची साखर वाढते ती बहुधा गरज पडली म्हणून, आणि गरज सरली की ती उतरते. 'खेकड्याला आपला रोग होतो का?' यापेक्षा 'खेकडा आपली अडचण कशी निभावतो?' हा प्रश्न अधिक चांगला आहे. पावसाळ्यात शेताच्या बांधावर किंवा ओढ्याकाठी खेकडा दिसला, तर दोन देठांवर हलणारे त्याचे डोळे जरा निरखून पाहा आणि त्या देठांच्या आत काय काय चालले आहे ते आठवा. मग त्याला त्याच्या बिळाकडे जाऊ द्या.